प्रात्यक्षिकाच्या शेतावर जुन्या कॅमेऱ्याचा पहारा

प्रात्यक्षिकाचा तुकडा पाहावयास आपण किती वेळा जातो? पेरणीच्या दिवशी एकदा, पीक फुलोऱ्यात असताना एकदा, आणि शेतकरी मेळावा भरवावयाचा असेल तर कापणीपूर्वी एकदा. कार्यकर्ता कितीही तळमळीचा असला तरी त्याच्या वाट्यास गावे अनेक आणि दिवस मोजके येतात. या दोन-तीन भेटींच्या मधल्या काळात पिकाचे काय झाले हे कोणी सलग पाहिलेले नसते. पावसाचे पाणी शेतात किती तास तुंबून राहिले, दुपारी माना टाकणारी रोपे कोणत्या दिवसापासून सकाळीही सावरेनाशी झाली, सोयाबीनच्या ओळी कोणत्या आठवड्यात मिटल्या, असे विचारले म्हणजे मिळते ते अंदाजाचे उत्तर. शेतमालकाला पुष्कळ ठाऊक असते, परंतु तोही आठवणीवरून बोलतो.

या मधल्या काळाची नोंद ठेवू शकणारे एक साधन आज अनेक घरांतील कपाटांत धूळ खात पडले आहे. फोनमधील कॅमेरे सुधारण्यापूर्वी लग्नकार्यात आणि सहलीत मिरवलेला, खिशात मावणारा डिजिटल कॅमेरा, हे ते साधन होय. विस्तार कार्यकर्त्यांनी तो बाहेर काढून शेतातील खांबावर चढवावा असे आमचे मत आहे.

ठराविक अंतराने एकाच जागेवरून छायाचित्रे घ्यावयाची आणि ती ओळीने वेगाने दाखवावयाची, म्हणजे महिन्यांचा काळ मिनिटांत डोळ्यांपुढून सरकतो. यास टाइमलॅप्स म्हणतात. युक्ती जुनीच आहे. जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ विल्हेल्म फेफर यांनी १८९८ ते १९०० या वर्षांत लाजाळूसारख्या वनस्पतींच्या हालचाली अशा रीतीने चित्रित केल्या. इंग्लंडमध्ये पर्सी स्मिथ यांचा उमलत्या फुलांचा चित्रपट १९१० साली लोकांपुढे आला. त्या काळी अशा कामासाठी यंत्रांची जुळणी स्वतःच करावी लागे. आपल्यापुढील अडचण त्या मानाने किरकोळ आहे.

अडचण अशी की, या लहान कॅमेऱ्यांपैकी बहुतेकांना दर दहा मिनिटांनी आपण होऊन छायाचित्र घेता येत नाही. घड्याळ आहे, झडप आहे, गणनयंत्र आहे. उणीव आहे ती केवळ आज्ञेची. कारखान्यात कॅमेऱ्याच्या अंगी जी आज्ञावली भरली जाते तिला फर्मवेअर म्हणतात, आणि ही सोय तीत घातलेली नसते. कॅनन कंपनीच्या पॉवरशॉट जातीच्या अनेक कॅमेऱ्यांसाठी देशोदेशींच्या हौशी जाणकारांनी सीएचडीके नावाची जादा आज्ञावली लिहिली असून ती विनामूल्य मिळते. अशा कॅमेऱ्याला लोक ‘फर्मवेअर बदललेला कॅमेरा’ म्हणतात. परंतु खरे पाहता मूळ आज्ञावली जागच्या जागी राहते. नवी आज्ञावली साठवणीच्या कार्डावरून चालते. कार्ड काढले की कॅमेरा पूर्ववत होतो. कंपनीच्या मोठ्या ईओएस कॅमेऱ्यांसाठी ट्रॅमेल हडसन यांनी २००९ साली सुरू केलेली मॅजिक लँटर्न ही याच कुळातील दुसरी आज्ञावली. मात्र तसला महागडा कॅमेरा उन्हापावसात खांबावर टांगण्याचा सल्ला आम्ही कोणास देणार नाही.

विकत घेतलेल्या वस्तूत असा फेरफार करणे काही जणांस अनुचित वाटते. आम्हांस तसे वाटत नाही. वखराची पास आपल्या जमिनीच्या मानाने लोहाराकडून कमी-अधिक करून घेणाऱ्या शेतकऱ्याला हा विचार नवा नाही. अवजार घेतले की ते आपल्या कामाजोगे करून घेणे हा त्याचा नित्याचा व्यवहार आहे. ही आज्ञावली कंपनीची नव्हे व तिची हमी कोणी देत नाही, हे मात्र आधीच समजून घ्यावे. म्हणूनच हमीची मुदत केव्हाच सरलेला जुना कॅमेरा या कामास योग्य.

आज्ञावली निवडताना कॅमेऱ्याचे नाव आणि त्याच्या फर्मवेअरची आवृत्ती, दोन्ही तंतोतंत जुळली पाहिजेत. एकाच नावाच्या दोन कॅमेऱ्यांतही आवृत्ती भिन्न असू शकते. कॅमेऱ्याने काढलेले एखादे छायाचित्र तपासून आवृत्ती सांगणारी छोटी आज्ञावलीही मिळते. गावातील संगणक जाणणाऱ्या मुलास हे काम सांगावे. जुन्या कॅमेऱ्यांसाठी ४ जीबीपर्यंतचे कार्ड घेतले म्हणजे घोटाळा होत नाही. कार्डाच्या कडेचे छोटे कुलूप लावून ते आत बसविले की कॅमेरा कार्डावरील आज्ञावली उचलतो, आणि गंमत अशी की कुलूप लावलेले असूनही त्यावर छायाचित्रे साठविली जातात.

खरी डोकेदुखी विजेची आहे. पडदा बंद ठेवला तरी साध्या सेलवर दिवसभराचे काम भागत नाही. दोन सेलवर चालणाऱ्या कॅमेऱ्याला सुमारे ३ व्होल्टचा पुरवठा लागतो. म्हणून सौर तावदान आणि १२ व्होल्टची बॅटरी वापरावयाची असेल तर दाब उतरविणारे साधन मध्ये बसविलेच पाहिजे. तारा थेट जोडणाऱ्याने कॅमेऱ्याची आशा सोडावी. शेतातील खोलीत वीज असेल तर तिच्या जवळचाच तुकडा निवडणे अधिक शहाणपणाचे.

आता थोडा हिशेब. दिवसाच्या १२ तासांत दर दहा मिनिटांस एक याप्रमाणे ७२ छायाचित्रे होतात. सोयाबीनचे पीक ११० दिवसांचे धरले तर ती ७,९२० भरतात, आणि सेकंदास २५ या वेगाने दाखविली तर चित्रपट सव्वापाच मिनिटांचा होतो. एक छायाचित्र एक एमबीच्या आत राहील असा लहान आकार ठेवावा, म्हणजे ४ जीबीचे कार्ड सात आठवडे सहज पुरते. सामान्य वाढ पाहावयास तासाला एक छायाचित्रही चालेल. परंतु पाणी कसे तुंबते आणि कसे निचरते हे पाहावयाचे असेल तर दहा मिनिटांहून अधिक अंतर ठेवू नये.

रंगांचे संतुलन व केंद्रबिंदू पहिल्या दिवशी ठरवून कायम ठेवावा. या गोष्टी कॅमेऱ्याच्या मर्जीवर सोडल्या तर ढगाळ दिवशी हिरवा रंग एक दिसतो आणि उन्हात दुसरा. अमेरिकेत २००८ साली सुरू झालेल्या फेनोकॅम या जाळ्यात वने, कुरणे व शेते यांवर असेच स्थिर कॅमेरे बसविलेले असून तेथेही रंगसंतुलन कायम ठेवण्यावर कटाक्ष असतो. छायाचित्रातील हिरव्याच्या तेजाला लाल, हिरवा व निळा या तिहींच्या बेरजेने भागून ते संशोधक पालवी केव्हा फुटली आणि केव्हा पिकली हे ताडतात. आपल्या कार्यकर्त्यांनी लगेच एवढ्या गणितात शिरावे असे नाही. पण छायाचित्रे नीट जपली तर पुढेमागे कोणी ते करू शकेल.

‘हे सारे फोनवर होते की,’ असे कोणी म्हणेल. होते, आणि जुना फोन रिकामा पडला असेल तर खुशाल वापरावा. पण वापरातला फोन चार महिने खांबावर कोण ठेवील?

मुख्य मुद्दा यापुढेच आहे. प्रात्यक्षिकाचा तुकडा फसला की पाहुण्यांना दुसरीकडे नेण्याची रीत आपल्याकडे आहे, हे उघड बोललेले बरे. शेतकऱ्याच्या नजरेतून ते सुटत नाही, आणि पुढील वर्षी सांगितलेल्या चांगल्या गोष्टीवरही त्याचा विश्वास बसत नाही. म्हणून रुंद वरंबा-सरीवर पेरलेला तुकडा आणि शेजारचा सपाट पेरलेला तुकडा हे दोन्ही एकाच चौकटीत घ्यावेत. मोठ्या पावसानंतर कोठे पाणी लवकर हटले ते मग वादाचे राहणार नाही. सुधारित पद्धतीचा तुकडा मागे पडला तर तेही दिसेल, आणि ते दिसू द्यावे. चौकट उत्तम कोपऱ्यावर रोखली तर यंत्रही आपल्यासारखेच खोटे बोलेल. गावात चित्रपट दाखविताना वाईट दिवसांना कात्री लावू नये. पीक कोठे अडखळले याचीच चर्चा लोक अधिक आस्थेने करतात.

दुसरी गोष्ट माणसांची. निंदणीस आलेल्या स्त्रिया चौकटीत येणारच. कोण किती वाजता आली, किती वेळ टेकली, याचा पुरावा म्हणून ही छायाचित्रे कोणी मागितली तर ती देऊ नयेत. खांब उभारण्यापूर्वी शेतमालक व मजूर दोघांनाही कॅमेरा कशासाठी आहे ते समजावून सांगावे, माणसे असलेली छायाचित्रे चित्रपटातून व साठ्यातून काढून टाकावीत, आणि रस्ता किंवा कोणाचे घर चौकटीत येऊ देऊ नये. मजुरीचा हिशेब यावरून करावयाचा मालकाचा विचार असेल तर तेथे कॅमेरा लावूच नये.

खांब पेरणीपूर्वी रोवावा, म्हणजे उगवणही नोंदली जाईल आणि कोळपणीस अडथळा होणार नाही. कॅमेऱ्याचे तोंड उत्तरेकडे व किंचित खाली असावे. तो काचेची खिडकी असलेल्या, पांढरा रंग दिलेल्या बंद पेटीत ठेवावा. पाऊस उघडला की कोळी नेमके त्या काचेवरच जाळे विणतात. यासाठी खांबाला एक मऊ ब्रश दोरीने बांधून ठेवावा, आणि शेतावर जाणाऱ्याने जाता जाता काच पुसावी.