यजमान घर निवडताना

शाळा सोडून महाविद्यालयात गेलेल्या विद्यार्थिनी अधूनमधून भेटावयास येतात, तेव्हा त्यांच्या बोलण्यात अलीकडे 'ओ-पेअर' हा शब्द ऐकू येऊ लागला आहे. शब्द मूळ फ्रेंच. त्याचा अर्थ 'बरोबरीच्या नात्याने'. परदेशातील एखाद्या कुटुंबात वर्षभर राहावे, तेथील मुलांची देखभाल व घरातील हलकी कामे करावीत आणि त्याबद्दल राहणे, जेवण, थोडा हातखर्च व त्या देशाची भाषा शिकण्याची संधी मिळवावी, अशी ही युरोपातील जुनी प्रथा आहे. १९६९ साली स्ट्रासबुर्ग येथे तिच्यासंबंधी एक युरोपीय करारही झाला.

या मुली व्हिसाविषयी विचारतात, विमानभाड्याविषयी विचारतात. यजमान कुटुंब कसे निवडावे हे मात्र क्वचितच कोणी विचारते. "बाई, मला घर मिळाले!" असे आनंदाने सांगून छायाचित्रे पुढे करतात. बाग, बर्फ, सोनेरी केसांची दोन गोजिरवाणी मुले! जणू निवडण्याचा अधिकार यजमानांचाच आणि आपण केवळ पसंत पडावयाचे. मुलगी 'दाखवण्या'ची आपली रीत येथेही आड येते की काय, अशी मला शंका आहे. बरोबरीचे नाते हवे असेल तर पारख दोन्ही बाजूंनी झाली पाहिजे.

जर्मनीचेच उदाहरण घेऊ. तेथे जाणाऱ्या भारतीय मुलीचे वय १८ पूर्ण व २७ हून कमी असावे लागते आणि तिला जर्मनचे प्राथमिक ज्ञान असावे लागते. काम दिवसाला सहा तासांहून व आठवड्याला ३० तासांहून अधिक देता येत नाही. आठवड्यातून दीड दिवस सुटी, स्वतंत्र खोली, महिना २८० युरो हातखर्च, भाषावर्गासाठी महिना ७० युरो, आणि विम्याचा खर्च यजमानांकडे. हे आकडे मुलीने तोंडपाठ करून ठेवावेत. "कामाचे तास आपण आल्यावर ठरवू" असे जे कुटुंब म्हणते, त्याला तेथेच नमस्कार करावा. जाण्यापूर्वीच पैसे मागणारे 'कुटुंब' तर बहुधा कुटुंब नसतेच.

आपल्या आईवडिलांना मात्र वाटते, परक्यांपेक्षा तिकडे स्थायिक झालेला एखादा नातेवाईक बरा. जर्मनीत हे चालत नाही. यजमान नात्यातले असून चालत नाहीत; घरात बोलली जाणारी भाषा जर्मन असावी लागते, आणि ती यजमानांची मातृभाषा नसेल तर ते मुलीच्याच देशातून आलेले असता कामा नयेत. मला हा नियम शहाणपणाचा वाटतो. मावशीच्या घरी कामाचे तास कोण मोजणार? आणि जर्मन तरी केव्हा कानी पडणार?

माझी मातृभाषा कोंकणी. मराठी मी शाळेत शिकले खरी, पण ती जिभेवर खेळू लागली शेजारच्या मुलांमुळे. मुले आपली चूक न संकोचता सुधारतात. म्हणून माझा सल्ला असा, की चार ते आठ वर्षांची, बोलकी मुले असलेले घर पसंत करावे. तान्ह्या मुलाकडून भाषा मिळत नाही आणि जबाबदारी मात्र मोठी येते. घर फार आडगावी असेल तर भाषावर्ग किती दूर आहे, संध्याकाळची शेवटची बस किती वाजता सुटते, हेही विचारावे. सुंदर बागेपेक्षा ही बस अधिक महत्त्वाची!

याहून उपयोगाचा एक प्रश्न आहे: "तुमच्या घरातील गेला मंगळवार कसा गेला?" सकाळी मुलांना कोणी उठवले, दुपारी घरी कोण होते, स्वयंपाक कोणी केला, हे ऐकले की आपल्या वाट्यास काय येणार ते पुष्कळसे उमगते. पूर्वी त्या घरी राहून गेलेल्या मुलीशी बोलू देण्याची विनंती करावी. प्रामाणिक यजमानांना तिचा राग येत नाही.

"परक्याच्या घरी भांडी घासावयास पाठवू काय?" असे विचारणारे वडीलही भेटतात. त्यांना मी इतकेच म्हणेन, की गोव्यातून मुंबईस आणि पुढे आखातात आया म्हणून गेलेल्या बायकांच्या कष्टांवर आपल्याकडची कित्येक घरे उभी राहिली. त्या कामात कमीपणा नव्हता. पण कित्येकींच्या कामाच्या अटी कोठेही लिहिलेल्या नव्हत्या, हे दुःख होते. येथे लेखी करार असतो. तो सहीपूर्वी वडिलांनी मुलीसह ओळीओळीने वाचावा.

यजमानांशी दूरदृश्य संभाषण एकदा नव्हे, निदान तीनदा तरी व्हावे, आणि त्यांपैकी एकदा राहावयाची खोली दाखवण्यास सांगावे. त्या वेळी आईवडिलांनी जवळ बसावयास हरकत नाही. प्रश्न मात्र मुलीलाच विचारू द्यावेत.