आई-वडील ‘व्हिजिट’वर

फेब्रुवारी २०२१ मध्ये लातूर जिल्हा परिषदेची बातमी देशभर गाजली. म्हाताऱ्या आई-वडिलांना न सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या पगारातून ३० टक्के रक्कम कापायची आणि थेट आई-वडिलांच्या खात्यावर जमा करायची, असा तो निर्णय होता. ठराव नोव्हेंबर २०२० मध्ये झाला, डिसेंबरपासून कपात सुरूही झाली. ज्यांच्याबद्दल तक्रार खरी निघाली अशा १२ जणांत ६ शिक्षक होते. आमच्या पेशाची मान खाली गेली ती गेलीच. स्टाफरूममध्ये दोन-तीन दिवस दुसरा विषय नव्हता.

ठराव मला पटला, आजही पटतो. पण त्या चर्चेत एक सहकारी माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, “आता हे सर बघा. सौदीत होते, पण दर महिन्याला घरी पैसे आले नाहीत असं कधी झालं नाही. याला म्हणतात मुलगा.” तारीफ होती, मी हसून घेतली. पण मनात खटकलं. शेजारच्या गल्लीत राहून पैसे न देणारा नालायक आणि समुद्रापलीकडून पैसे पाठवणारा श्रवणबाळ, हा हिशेब मला मान्य नाही. दोन्हीकडे माप एकच, रुपयाचं.

शिक्षक परदेशात का जातो, हे आधी सांगितलं पाहिजे. हौसेनं जाणारे थोडे. मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो, बी.एड. झालो तेव्हा वाटलं होतं की दोन भाषा म्हणजे दोन दारं. प्रत्यक्षात विनाअनुदानित शाळेत सात वर्षं काढली. राज्यात शिक्षणसेवक योजना २००० साली आली, तेव्हा प्राथमिकच्या सेवकाला महिन्याला ३ हजार रुपये मिळत. ते मानधन १६, १८ आणि २० हजारांपर्यंत पोहोचायला २०२३ उजाडावं लागलं. आमच्यासारख्या विनाअनुदानितवाल्यांना तर तेही नव्हतं, संस्थेच्या मर्जीवर सगळं. अनुदानित जागेसाठी एका संस्थेनं जो आकडा सांगितला, त्यासाठी वालिदांना घराचा अर्धा हिस्सा विकावा लागला असता. उर्दू माध्यमाचं दुखणं आणखी वेगळं. बिंदुनामावलीप्रमाणे राखीव असलेल्या कित्येक जागांना त्या प्रवर्गातला उर्दूतून शिकलेला उमेदवारच मिळत नाही, आणि वर्ग वर्षानुवर्षं शिक्षकाविना राहतो. आरक्षण काढा असं मी म्हणत नाही, कुणी तसा अर्थ काढू नये. पण उमेदवार नाही हे वारंवार सिद्ध झाल्यावर तरी त्या मुलांचं काय करायचं, याचं उत्तर सरकारनं द्यायला हवं. ते मिळत नाही म्हणून उर्दूचा बी.एड. मास्तर आखातात जातो. जिद्द्यात, रियाधमध्ये, दम्माममध्ये भारतीय शाळा आहेत, सीबीएसईचा अभ्यासक्रम आहे, उर्दू शिकवायला माणूस लागतो.

मीही जिद्द्याला गेलो, एका छोट्या खासगी शाळेत. पगार इथल्यापेक्षा बरा, पण पाय कायम अधांतरी. करार वर्षाचा. मार्च आला की स्टाफरूममध्ये कुजबुज सुरू, कुणाला ठेवणार, कुणाला नाही. जुलै २०१७ पासून सौदी सरकारनं परदेशी नोकरदाराच्या कुटुंबावर कर बसवला. माणशी महिन्याला १०० रियाल, पुढच्या वर्षी २००, मग ३००, मग ४००. बायको आणि दोन मुलं धरली तर दुसऱ्या वर्षी आमचे ७२०० रियाल त्यातच गेले, आणि तेही इकामा नूतनीकरणाच्या वेळी एकगठ्ठा. जानेवारी २०१८ मध्ये व्हॅट लागला. ओळखीच्या कितीतरी कुटुंबांनी त्या दोन वर्षांत बायका-मुलं गावी पाठवली.

त्याच हिवाळ्यात, म्हणजे २०१८ च्या शेवटी, अम्मी आली. नांदेडहून रात्रीच्या गाडीनं सिकंदराबाद, तिथून शमशाबादचं विमानतळ. सोबत ज्वारीचं पीठ, लोणचं आणि तीन महिने पुरतील एवढ्या साखरेच्या गोळ्या, डॉक्टरच्या चिठ्ठीसकट. गोळ्या आणाव्याच लागतात. भेटीच्या व्हिसावरचा विमा तातडीच्या दुखण्यापुरता, जुन्या आजाराचं तुमचं तुम्ही बघा.

व्हिसा भेटीचाच असतो, ही गोष्ट नीट समजून घ्या. आखातात शिक्षकाच्या पगारावर बायको-मुलांना कसंबसं राहता येतं. आई-वडील मात्र कागदावर पाहुणे. ज्या बाईनं मला वाढवलं, तिच्या माझ्या घरातल्या मुक्कामाला शेवटची तारीख छापलेली होती. इकडे आपण म्हणतो, म्हातारपणी मुलाच्या घरी आराम करा. तिकडे मुलाचं घरही शाळेच्या कराराला बांधलेलं. अम्मीनं दुसऱ्याच दिवशी फ्लॅट पाहून विचारलं, “ये घर तेरा है या इस्कूल का?” मी म्हणालो, शाळेचं. ती म्हणाली, “हौ, तबीच कील ठोकने नक्को बोलते.” कॅलेंडर लावायला मी भिंतीत खिळा मारू दिला नव्हता.

मी सकाळी सहाला शाळेच्या गाडीनं निघायचो. मुलंही शाळेत. अम्मी चौथ्या मजल्यावर, बायको घरकामात. खाली उतरून भाजीवाल्याशी घासाघीस करायची, रस्त्यात दहा जणींशी बोलायचं, ही तिची नांदेडची सवय. तिथं रस्त्यावर मोटारीच मोटारी. तिची सोबत झाली ती शेजारच्या रत्नागिरीकडच्या एका खालांशी. दोघी बोलायच्या मराठीतून. एकीची कोकणी मराठी, दुसरीची आमची मराठवाड्याची, “काहून” आणि “कामून” वाली. तांदळाची भाकरी बरी की ज्वारीची, हा वाद तीन महिने मिटला नाही. मराठी शिकवणारा मी, पण त्या बिल्डिंगमध्ये मराठी जिवंत ठेवली या दोघींनी.

मक्का जिद्द्यापासून ८० किलोमीटरच्या आसपास. उमरे झाले, हरममध्ये शांत बसणं झालं. अम्मीच्या चेहऱ्यावरचं समाधान मी पाहिलंय आणि ते कमी लेखणार नाही. पण आपल्याकडे याचाच फार गाजावाजा होतो. “आई-वडिलांना उमरा करवला” म्हटलं की मोहल्ल्यात मुलाची सगळी खाती चुकती. तीन महिन्यांत पाच उमरे आणि उरलेली वर्षं व्हिडिओ कॉल, ही खिदमत पूर्ण झाल्याची पावती नव्हे.

आता कायद्याकडे येतो. आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाह आणि कल्याणाचा कायदा २००७ चा. तो भारताबाहेर राहणाऱ्या भारतीय नागरिकांनाही लागू आहे, हे आखातातल्या किती जणांना माहीत असेल? न्यायाधिकरण महिन्याला १० हजार रुपयांपर्यंत निर्वाहभत्ता द्यायला लावू शकतं. चांगलं आहे. ज्या म्हाताऱ्यांच्या हातात काहीच नाही त्यांना या रकमेचं मोल विचारा. पण या कायद्यात ‘मुलं’ म्हणजे मुलगा, मुलगी, नातू, नात. सून त्यात नाही. लातूरच्या ठरावातही पगार असणाराच दिसतो.

आणि घराघरात प्रत्यक्ष काम कुणाचं? मी जिद्द्यात असताना अम्मीची साखर मोजणारी, वालिदांच्या शेवटच्या आजारात रात्री-रात्री उठणारी माझी धाकटी भावजय होती. दवाखान्याच्या रांगेत माझा भाऊ, ज्याची कमाई माझ्या चौथा हिस्सा. शादी-ब्याहमध्ये लोक हात मिळवायचे माझ्याशी, “सौदीवाले सर आले” म्हणून. भावजय आत भांडी आवरत असायची. अम्मी जिद्द्यात होती तेव्हा रोज रात्री फोन तिलाच लावायची. मला वाटायचं नातवंडांसाठी. ती विचारायची, “दुल्हन, तू सोई क्या बराबर?” तीन महिन्यांत भावजयीला पहिल्यांदा सलग झोप मिळाली होती.

म्हणून माझं म्हणणं असं की पैसे पाठवणाऱ्याची तारीफ करताना जरा हात आखडता घ्या. तो पैसा लागतो, नाकारत नाही. पण जो तिथं राहिला आणि जी तिथं राबली, त्यांच्या नावावर त्यातला हिस्सा लागला पाहिजे, उपकार म्हणून नाही, हक्क म्हणून. आमच्या घरात आम्ही हे उघड बोलून ठरवलं: पाठवलेल्या रकमेतला ठरावीक भाग भावजयीच्या खात्यावर, तिच्या मर्जीनं खर्च करायला. सुरुवातीला भावालाच अवघडल्यासारखं झालं. तिनं पहिल्या वर्षी त्यातून शिलाई मशीन घेतली.

मी २०१९ मध्ये परत आलो, त्याला कारण कराचा बोजा होता, त्याग वगैरे काही नाही. आता लातूर-नांदेडकडची उर्दूतून बी.एड. झालेली पोरं सल्ल्याला येतात. सर, मस्कतला जाऊ का, कुवेतला जाऊ का? जा, असंच मी सांगतो. इथं जागा नाही तोवर कुणाला कोणत्या तोंडानं थांबवू? फक्त पगार किती ते विचारण्याआधी दोन गोष्टी विचारतो. आई-वडिलांचं वय काय? आणि तुझ्या मागं घरात बीपीचं मशीन कोण लावणार, तिला कुणी विचारलंय का? दुसऱ्या प्रश्नावर बहुतेक जण गप्प होतात.