गच्ची कुणाची?

मे महिन्याचं वीजबिल 230 युनिटांचं आलं आणि घरात पुन्हा सौर पॅनलचा विषय निघाला. पण आमच्या गच्चीवर अम्मींच्या कुरडया वाळतात, आणि धाकटे दीर तिथे दोन खोल्या चढवायच्या म्हणतात. 2 किलोवॅटचे पॅनल म्हणजे साधारण 200 चौरस फूट जागा, तीही 25 वर्षांसाठी. धाकट्या जाऊबाईंनी चहाचे कप ठेवताना जरा आवाज केला, त्यातून आम्ही समजायचं ते समजलो.

दहावीला ‘हरित ऊर्जेच्या दिशेने’ हा पाठ शिकवताना आम्ही एकदा घरचं बिलच फळ्यावर मांडलं होतं. कोळशाच्या विजेला युनिटमागे साधारण 700 ग्रॅम कोळसा जळतो. आपल्याकडच्या कोळशात 30 ते 40 टक्के राखच असते. सगळी वीज कोळशाची धरली, तर 230 युनिटांची राख सिमेंटच्या एका गोणीएवढी भरते. धूर वेगळा. एक मुलगी म्हणाली, “टीचर, ही राख जाते कुठे?”

काही सिमेंटमध्ये, विटांमध्ये जाते. बाकीची तळ्यांत साठते आणि वाळली की वाऱ्यावर उडते. आमच्या एक खाला औष्णिक केंद्राजवळ राहतात. दोरीवरचे कपडे झटकल्याशिवाय त्या घडी घालत नाहीत. बटण आम्ही दाबतो, झटकतात त्या.

पाण्याच्या विजेला धूर नाही, हे खरं. पण कोयनेच्या धरणासाठी गावंच्या गावं उठली. माणसं ठाणे, रायगड, सोलापूर, सांगलीकडे गेली. त्यांच्या पुनर्वसनाचे प्रश्न अजून मिटलेले नाहीत. पुस्तकात ‘नवीकरणीय’ म्हटलं की मुलांना ते फुकटच वाटतं. सौर पॅनलचाही उद्या कचरा होणारच, म्हणून तर तो आता ई-कचऱ्याच्या नियमांत आला आहे. तरीही गच्चीवरच्या पॅनलसाठी कुणाला गाव सोडावं लागत नाही. फार तर कुरडयांना जागा सोडावी लागते.

दीर म्हणाले, “भाभी, उंच सांगाडा करू, खाली कुरडया वाळतील.” अम्मींनी लगेच उडवून लावलं. “सावलीत कुरडई वाळते का कधी? बुरशी येते!” त्या बरोबर होत्या, आणि उंच सांगाड्याचा खर्चही वाढतो.

शेवटी टेप लावून मोजलं. जिन्यावरच्या खोलीचं छत 100 चौरस फुटांचं भरलं. तिथे 1 किलोवॅट बसतो. दिवसाला चारेक युनिट, म्हणजे बिल जवळजवळ निम्मं. सूर्यघर योजनेतून 30,000 रुपये अनुदान मिळतं. खोल्यांची जागा शाबूत, कुरडयांचीही.

अर्ज भरायला बसलो तर मीटर अजून मरहूम अब्बांच्या नावावर निघाला. आधी नावबदल करावा लागेल. ते कुणाच्या नावावर करायचं, यावर दोन्ही भावांचं बोलणं जुम्म्यानंतर व्हायचं आहे.