बँक खातं भाड्याने देताय? आधी कॉसमॉसची केस वाचा

रविवारी सकाळी सायकलवरून पन्हाळा चढणं हा माझा छंद. बाकी आठवडाभर सायबर सुरक्षेचं काम, म्हणजे पगार घेऊन चोराच्या डोक्यानं विचार करायचा. परवा चहाच्या गाडीवर ओळखीच्या कॉलेजच्या पोरानं विचारलं, "दादा, टेलिग्रामवर एकजण म्हणतोय, तुझं बँक खातं वापरायला दे, महिन्याला पैसे देतो. काय होतंय त्यात?"

काय होतं, ते कोल्हापूरनं २०१८ मध्येच पाहिलंय.

दोन तासांत ८० कोटी

११ ऑगस्ट २०१८, शनिवार. पुण्याच्या कॉसमॉस बँकेचे पैसे २८ देशांतल्या एटीएममधून निघू लागले. साधारण दोन तासांत परदेशातून सुमारे ७८ कोटी आणि भारतातून अडीच कोटी गेले. १३ ऑगस्टला आणखी जवळपास १४ कोटी स्विफ्टमार्गे हाँगकाँगला गेले. एकूण ९४ कोटींहून जास्त. भारतात ज्या शहरांतल्या एटीएममधून हे पैसे काढले गेले, त्यात आपलं कोल्हापूरही होतं.

हे जमलं कसं?

तुम्ही कार्ड टाकता तेव्हा एटीएमची विनंती 'स्विच' नावाच्या यंत्रणेकडे जाते. स्विच बँकेच्या मुख्य सिस्टीमला विचारतो, "शिल्लक आहे का?" हो म्हटलं की नोटा बाहेर. चोरांनी मालवेअर घुसवून मधेच खोटा स्विच बसवला. तो बँकेला न विचारताच प्रत्येक वेळी 'हो' म्हणत राहिला. म्हणून ग्राहकांच्या खात्यातले पैसे कमी झाले नाहीत. बुडाले ते बँकेचे.

पण नोटा काढायला हाडामांसाची माणसं लागतातच. क्लोन केलेली कार्डं घेऊन एटीएमसमोर उभी राहणारी.

सापडलं कोण?

संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ समितीनं या हल्ल्यासाठी उत्तर कोरियाकडे बोट दाखवलं. खरे सूत्रधार आपल्या हाती लागले नाहीत. एप्रिल २०२३ मध्ये पुण्यातल्या कोर्टानं शिक्षा सुनावली ती इथल्या ११ जणांना. डोकं परदेशात, हात इथले, आणि बेड्या हातांनाच पडल्या.

आता कार्डाऐवजी खातं

आज क्लोन कार्डाची गरज उरलेली नाही. 'डिजिटल अरेस्ट'ची भीती घालून एखाद्या आजोबांकडून उकळलेले पैसे आधी भाड्याच्या खात्यात येतात आणि तिथून काही मिनिटांत दहा खात्यांत फुटतात. याला 'म्यूल अकाउंट' म्हणतात. म्यूल म्हणजे ओझं वाहणारं खेचर. पोलीस माग काढतात तेव्हा पहिलं नाव, आधार आणि फोटो तुमचा. "मला माहीत नव्हतं" हे सिद्ध करत बसायचं तुम्ही, तेही खातं गोठलेलं असताना. अशी खाती हुडकायला रिझर्व्ह बँकेच्या इनोव्हेशन हबनं 'म्यूलहंटर' ही एआय प्रणाली बनवली आहे.

मग करायचं काय?

- खातं, एटीएम कार्ड, सिम कुणालाही वापरायला देऊ नका, मित्रालाही नाही.
- अनोळखी पैसे जमा झाले तर कुणी सांगितलं म्हणून पुढे पाठवू नका. थेट बँकेला कळवा.
- तुमच्या नावावर किती सिम आहेत, ते 'संचार साथी'वर तपासा.
- फसवणूक झालीच तर लगेच १९३० ला फोन करा. जितका उशीर, तितके पैसे लांब.

त्या पोरानं तो चॅट माझ्यासमोरच ब्लॉक केला. तुम्हालाही असा मेसेज आला असेल, तर तेच करा.