मुलांना बोटीवर नेताना

लहान मुलांना घेऊन क्रूझला जावं का, हा प्रश्न सुट्ट्या जवळ आल्या की हमखास कानावर येतो. २०१८मध्ये ‘आंग्रिया’ मुंबई-गोवा मार्गावर धावू लागली, २०२१पासून ‘कॉर्डेलिया’ची ‘एम्प्रेस’ मुंबईहून सुटू लागली आणि परदेशवारी न करताही समुद्रावर मुक्काम करण्याची सोय मध्यमवर्गीय घरांच्या आवाक्यात आली. माझं उत्तर सरळ आहे. जरूर जावं, आजी-आजोबांनाही न्यावं. फक्त हॉटेल समजून चढू नये, जहाज समजून चढावं. एवढं लक्षात ठेवलं की मुलांची सुरक्षितता आणि मुलांचा आनंद, दोन्ही आपोआप सांभाळले जातात.

चढल्याबरोबर बहुतेक घरांत एकच घाई असते, ती जेवणाच्या हॉलची आणि पोहण्याच्या तलावाची. तेवढ्यात सुरक्षा कवायतीची घोषणा होते आणि ‘मुलं दमलीत, राहू दे’ म्हणत कोणी खोलीतच बसतं. तसं कृपा करून करू नका. धोक्याचा इशारा म्हणजे सात छोटे भोंगे आणि मग एक लांब भोंगा. आमच्या चार वर्षांच्या लेकीने ते बोटांवर मोजले. आठव्या बोटाला भोंगा लांबतच गेला, तसे तिचे डोळे विस्फारले. त्यानंतर दिवसभर ती भेटेल त्याला हा हिशोब समजावून सांगत होती. आपली जमण्याची जागा कोणती, तिथे कुठल्या जिन्याने जायचं, हेही मुलांसोबत एकदा चालून पाहावं. लिफ्ट वापरायची नाही, हे तेव्हाच सांगावं. मुलं घाबरत नाहीत. आपल्यावर काहीतरी जबाबदारीचं काम सोपवलंय, असं त्यांना वाटतं.

लाइफ जॅकेटचंही तसंच. ती वजनावर ठरतात. १५ किलोच्या आतल्या बाळांची वेगळी, १५ ते ४३ किलोपर्यंतच्या मुलांची वेगळी आणि त्यापुढे मोठ्यांची. मोठ्यांचं जॅकेट लहानग्याला घातलं तर पाण्यात ते वर सरकतं आणि मूल खालून निसटू शकतं. मोठ्या प्रवासी जहाजांवर प्रत्येक मुलासाठी त्याच्या मापाचं जॅकेट असणं आंतरराष्ट्रीय नियमाने बंधनकारक आहे. तेव्हा खोलीत नसेल तर मागून घ्यावं, एकदा अंगावर चढवून पट्टे आवळून पाहावेत. जॅकेटला शिट्टी असते, दिवा असतो. ते कशासाठी, हे मुलाला त्याच्या भाषेत सांगावं.

हे नियम फुकट आलेले नाहीत. १९१२मध्ये ‘टायटॅनिक’ बुडाली, त्यानंतर दोन वर्षांत समुद्रावरील जीवितरक्षणाचा पहिला आंतरराष्ट्रीय करार झाला. जानेवारी २०१२मध्ये इटलीच्या किनाऱ्याजवळ ‘कोस्टा कॉनकॉर्डिया’ खडकावर आपटली, ३२ माणसं गेली. त्याच दिवशी चढलेल्या शेकडो प्रवाशांची कवायतच झालेली नव्हती. म्हणून २०१५पासून जहाज सुटण्याआधी किंवा सुटल्याबरोबर कवायत घेणं सक्तीचं झालं. आपल्याकडची जखम तर अजून जुनी. १७ जुलै १९४७ला, आषाढ अमावास्येच्या सुमारास, भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट काशाच्या खडकाजवळ बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. कोकणातल्या कितीतरी घरांत तो दिवस अजून विसरला गेलेला नाही. डिसेंबर २०२४मध्ये गेटवेहून घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’ या प्रवासी बोटीला नौदलाची स्पीडबोट धडकली आणि प्रवाशांत लहान मुलंही होती. त्यानंतर मुंबई बंदरातल्या लाँचवर लाइफ जॅकेटची सक्ती झाली. पण मुलांच्या मापाचं जॅकेट आपण मागितल्याशिवाय पुढे येईलच, असं नाही. घारापुरी असो, मांडवा असो की लक्षद्वीप, ते मागायला संकोच करू नये. मागे रांग खोळंबली तरी चालेल.

आता बोट लागण्याबद्दल. दोन ते बारा या वयात हा त्रास अधिक होतो, तान्ह्या बाळांना सहसा होत नाही. कान सांगतो शरीर हलतंय, डोळे सांगतात खोली जागच्या जागी आहे, आणि या विसंवादातून मळमळ सुरू होते. म्हणून खोली निवडताना जहाजाच्या मध्यावरची आणि खालच्या मजल्यावरची घ्यावी, तिथे हेलकावे कमी बसतात. मळमळायला लागलं की मुलाच्या हातातला मोबाइल काढून घ्यावा, त्याला मोकळ्या डेकवर न्यावं आणि क्षितिजाकडे पाहायला सांगावं. औषध द्यायचं असेल तर निघण्याआधीच मुलांच्या डॉक्टरांना विचारावं. मोठ्यांची गोळी अर्धी करून देऊ नये. आणि नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ निवडावा. मुंबईहून कोकणातल्या बंदरांना जाणारी जुनी कोकणबोटसुद्धा पावसाळ्यात बंदच असायची, यात सगळं आलं.

वयाची अट आधी विचारून घ्यावी. बहुतेक कंपन्या सहा महिन्यांच्या आतलं बाळ घेत नाहीत, लांबच्या सफरींना एक वर्षाची अट असते. डायपर घातलेल्या मुलांना तलावात सोडत नाहीत. तलावाजवळ जीवरक्षक असेलच असं गृहीत धरू नये. आई, बाबा किंवा मामा यांपैकी एकाने हातात मोबाइल न घेता काठावर बसावं. बाल्कनीची खोली असेल तर खुर्ची-टेबल कठड्यापासून लांब ठेवावं. जेवणाआधी हात साबणाने धुवावेत. जहाजांवर पसरणाऱ्या नोरोव्हायरसपुढे सॅनिटायझरचा फारसा उपयोग होत नाही.

एवढी काळजी घेतली की मन मोकळं होतं आणि मग समुद्र दिसायला लागतो. मुंबईहून संध्याकाळी निघताना डेकवर उभं राहावं. टगबोटी जहाजाला हळूहळू धक्क्यापासून सोडवतात, कुलाब्याच्या टोकाशी प्रॉन्ग्सचं दीपगृह मागे पडतं. पुढे डाव्या हाताला, अलिबागच्या बाजूला, खांदेरी. शिवाजी महाराजांनी १६७९मध्ये इंग्रज आणि सिद्दी या दोघांचा विरोध अंगावर घेऊन तिथे किल्ला उभारायला घेतला. २०२५मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशात गेलेल्या बारा मराठा किल्ल्यांत खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग हे चार सागरी किल्ले आहेत आणि गोव्याला जाणारी बोट याच किनाऱ्याने खाली उतरते. पुस्तकातलं आरमार मुलांना इथे समजतं. वारा कुठून येतो, खडकावर किल्ला का बांधला, रात्री दीपगृह नसतं तर काय झालं असतं, असे प्रश्न आमच्या आठ वर्षांच्या मुलाने आपणहून विचारले.

आमच्या सफरीत रात्री सासूबाईंच्या जवळ नातवंडं खिळून बसली होती. त्यांचं माहेर देवगडजवळचं. लहानपणी मे महिन्यात त्या भाऊच्या धक्क्यावरून बोटीने गावी जायच्या. डेकवर वळकटी पसरायची, डब्यातली भाकरी आणि सुकटीची चटणी खायची आणि हर्णै, जयगड, रत्नागिरी अशी बंदरं मोजत झोपायचं. देवगडला बोट धक्क्याला लागत नसे. खाली पडाव, म्हणजे छोटी होडी, हेलकावत उभा असे, खलाशी लाट वर येण्याची वाट बघे आणि नेमक्या त्या क्षणी मुलाला वरच्या हातातून खालच्या हातात देई. ‘खलाशी सांगेपर्यंत आईने हात सोडायचा नाही,’ असा दंडक होता. लक्षद्वीपच्या काही बेटांवर आजही मोठं जहाज बाहेर नांगर टाकतं आणि लहान बोटीने बेटावर उतरावं लागतं. तिथेही शिस्त तीच: खलाशाचं ऐकायचं, मुलाला कडेवर न घेता त्याच्या हाती द्यायचं, पिशव्या नंतर.

अशा गोष्टी ऐकायला वेळ उरावा म्हणूनच सगळे कार्यक्रम गाठायची धडपड करू नये, असं मला मनापासून वाटतं. किड्स क्लब असावा, तासभर मुलं तिथे खेळावीत. पण दुपारची झोप मोडून जादूचे प्रयोग, रात्री जागून नाचगाणी, सकाळी धावत गोवा, असं केलं की मुलं चिडचिडी होतात आणि मोठ्यांची सुट्टी त्यांना आवरण्यात जाते. मार्मागोवा बंदरात उतरल्यावर कळंगुट-बागा गाठायचा अट्टहास नको. वास्कोजवळ बोगमाळोच्या रस्त्यावर नौदलाचं विमान संग्रहालय आहे, खरी विमानं जवळून पाहता येतात, आणि जहाजावर परतायची वेळ चुकण्याची धास्ती राहत नाही.

आपल्या कितीतरी मुलांना समुद्र माहीत आहे तो चौपाटीवरच्या वाळूपुरता. दर्यावर पोट भरणारा कोळी, दीपगृह, खडक, भरती-ओहोटी यांच्याशी त्यांची गाठ पडत नाही. क्रूझवर खर्च करणारच असाल तर तो या ओळखीसाठी करा. जायच्या आदल्या आठवड्यात मुलांसोबत नकाशा उघडा, किनाऱ्यावरची बंदरं त्यांच्याकडून शोधून घ्या, घरातल्या वडीलधाऱ्यांना कोकणबोटीच्या आठवणी विचारा. आणि बोटीवर पाय ठेवलात की पहिलं काम एकच करा: मुलाला त्याच्या मापाचं जॅकेट घालून पाहा.