लिनक्स घ्या, पण त्याची निगाही शिका

मुंबई-गोवा महामार्गावरून रत्नागिरी शहराचा रस्ता जेथे फुटतो, तो हातखंब्याचा तिठा. किराणा, टायर, गॅरेज, हार्डवेअर असे नाना धंदे येथे चालतात. यांपैकी पुष्कळांच्या घरी किंवा गल्ल्यामागे एक जुना संगणक असतो. रोजची बिले, उधारीची यादी, जीएसटीचे कागद, हंगामात आंब्याच्या पेट्यांचा हिशेब, सारे त्याच्याच पोटात.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ची नेहमीची सुरक्षा-दुरुस्ती थांबविली. विंडोज ११ ला ठरावीक नवे प्रोसेसर आणि टीपीएमची सोय लागते. तेव्हा चालते यंत्र भंगारात घालावे, की कोणाकडून चोरीची प्रत टाकून घ्यावी, असा प्रश्न व्यापारी बांधवांपुढे उभा आहे. दुसरा मार्ग आम्हास मान्य नाही. मापात पाप नको म्हणणाऱ्या दुकानदाराने आपला हिशेब चोरीच्या मालावर लिहावा, हे हलाल रोजीला शोभत नाही. शिवाय अशा प्रतींबरोबर व्हायरसही येतात आणि एखादे दिवशी सारी खाती कुलूपबंद करून खंडणी मागतात.

तिसरा मार्ग लिनक्सचा आहे. फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ साली त्याचा आरंभ केला. त्याची प्रत घेणे, वाटणे, बदलणे यांस परवान्यानेच मुभा आहे. सी-डॅक या सरकारी संस्थेने २००७ साली बॉस नावाचे भारतीय लिनक्स काढले. केरळच्या सरकारी शाळांतील मुले अशाच मुक्त प्रणालीवर संगणक शिकतात. घरगुती वापरासाठी लिनक्स मिंट सोपे आहे. त्याच्या २२ व्या आवृत्तीस २ जीबी मेमरीतही चालता येते, ४ जीबी असल्यास बरे. आणि तिची दुरुस्ती २०२९ पर्यंत मिळणार आहे.

मात्र फुकट मिळाले म्हणून ते वाऱ्यावर सोडून चालत नाही. आमच्या परिचयातील एका दुकानदाराचा संगणक ऐन पावसाळ्यात सुरू होईना. कारागीर म्हणाला, "फॉरमॅट मारू." म्हणजे दोन वर्षांची उधारी पाण्यात! शेजारच्या कॉलेजच्या मुलाने यंत्र सुरू होताना शिफ्टची कळ दाबून धरली, आलेल्या यादीतून आधीचे कर्नल निवडले आणि यंत्र उभे राहिले. अपडेट चालू असताना वीज गेली होती, एवढाच रोग. अर्धे राहिलेले अपडेट त्याने पूर्ण केले. एक कागदही गेला नाही.

यातून घेण्याचा धडा साधा आहे. यंत्रास यूपीएस असावा आणि पावसात वीज लपंडाव खेळत असताना अपडेट लावू नये. पण अपडेट टाळूही नये. आठवड्यातून एक वार ठरवावा. मिंटमधील टाइमशिफ्ट प्रणालीची जुनी स्थिती परत आणते, पण आपली कागदपत्रे ती आपणहून राखत नाही. ती दर जुम्याला दुकान बंद असताना वेगळ्या पेन ड्राइव्हवर उतरवावीत आणि तो घरी ठेवावा. डिस्क्स नावाच्या प्रोग्राममध्ये हार्ड डिस्कची प्रकृती दिसते. तेथे इशारा दिसताच डिस्क बदलावी. तारीख सारखी मागे जात असेल आणि बँकेची साइट उघडत नसेल, तर बहुधा मदरबोर्डवरील नाण्याएवढा सेल संपलेला असतो. आणि मिंटचा एक पेन ड्राइव्ह तयार ठेवावा. यंत्र मुळीच उठेनासे झाले, तरी डिस्क शाबूत असल्यास त्यावरून चालू करून आतील खाती बाहेर काढता येतात.

अडचणी आम्ही लपविणार नाही. टॅली विंडोजसाठीच बनते. काही प्रिंटर आणि डिजिटल सहीचे टोकन त्रास देतात. ज्याचे सारे काम टॅलीवर आहे, त्याने घाई करू नये. आधी पेन ड्राइव्हवरूनच लिनक्स चालवून प्रिंटर छापतो का, हे पाहावे. ज्याचे काम बिले, पत्रे आणि ब्राउझरवर भागते, त्याला लिब्रेऑफिस पुरेसे आहे.

सूरह अल-बकराच्या २८२ व्या आयतीत मुदतीची उधारी लिहून ठेवण्याचा आदेश आहे. ती कुरआनातील सर्वांत दीर्घ आयत होय. पूर्वी ही लिखापढी वहीत होती, आज डिस्कवर आहे. जे लिहिण्याचा हुकूम आहे, ते जपणे आलेच. गिऱ्हाइकाचे देणे-घेणे ही आपल्याकडील अमानत आहे. "संगणक बिघडला" हे तिच्याबाबत उत्तर होऊ शकत नाही.

म्हणून आमची सूचना अशी की, तिठ्यावरील चार-पाच दुकानदारांनी मिळून मोहल्ल्यातील दोन होतकरू मुलांना हे काम शिकू द्यावे आणि त्यांच्या मेहनतीचे वाजवी पैसे द्यावेत. सॉफ्टवेअर फुकट आहे, मुलांचा घाम फुकट नाही. प्रत्येक बारीक बिघाडासाठी रत्नागिरीला फेऱ्या मारणे वाचेल, मुलांच्या हाताला हुन्नर येईल आणि आपली खाती आपल्याच ताब्यात राहतील. आंब्याचा हंगाम डोक्यावर येण्याआधी एवढे करावे.