बायोप्सीत काही निघालं नाही म्हणून फाइल कपाटात ठेवू नका

पन्नाशी ओलांडलेल्या पुरुषांना आणि त्यांच्या घरच्यांना माझी कळकळीची विनंती आहे. रक्ततपासणीत तुमचा पीएसए वाढलेला आहे, प्रोस्टेटच्या बायोप्सीत कॅन्सर सापडला नाही, आणि ‘सुटलो एकदाचे’ म्हणून तुम्ही पुन्हा तपासणीच केली नसेल, तर ती फाइल आज बाहेर काढा. आकडा पाहून ज्यांची झोप उडाली आहे, त्यांनीही हे वाचावं. मी या दोन्ही अवस्थांतून गेलो आहे. कित्येक वर्षं माझा पीएसए सहा ते आठच्या मध्ये आहे आणि कॅन्सरचं निदान आजवर झालेलं नाही.

पीएसए हे प्रथिन निरोगी प्रोस्टेट ग्रंथीही तयार करते. वीर्य पातळ करणं हे त्याचं काम, आणि थोडंसं रक्तात झिरपतंच. वयाबरोबर ग्रंथी मोठी झाली, तिला सूज आली, लघवीत जंतुसंसर्ग झाला, लघवी तुंबून नळी घालावी लागली, की ते जास्त झिरपतं. ढोबळमानाने, चार ते दहा आकडा असलेल्या चार पुरुषांपैकी एकाच्या बायोप्सीत कॅन्सर सापडतो. उरलेल्या तिघांना घरी पाठवताना पुढे काय करायचं, हे पुष्कळदा कुणी नीट सांगत नाही. मलाही सांगितलं नव्हतं.

म्हणून एक हिशेब सांगतो, तो घरी करता येतो. सोनोग्राफीच्या रिपोर्टमध्ये प्रोस्टेटचं आकारमान सीसीमध्ये दिलेलं असतं. पीएसएला त्या आकड्याने भागा. माझा पीएसए 7.2, ग्रंथी 90 सीसी, उत्तर 0.08. हे उत्तर 0.15 च्या खाली असलं तर वाढलेल्या ग्रंथीमुळेच आकडा चढला असण्याची शक्यता बळावते. तोच 7.2 जर 30 सीसीच्या लहान ग्रंथीतून आला, तर उत्तर 0.24 येतं आणि डॉक्टर जास्त सावध होतात. निर्णय या एका भागाकारावर होत नाही, पण डॉक्टरांसमोर बसताना तो माहीत असावा.

दुसरी गोष्ट गोळ्यांची, आणि इथे फार मोठी फसगत होते. लघवीच्या त्रासासाठी फिनास्टेराइड किंवा ड्युटास्टेराइड घेत असाल, तर सहा महिने ते वर्षभरात पीएसए साधारण निम्मा होतो. म्हणजे रिपोर्टवरचा तीन हा खरा सहा समजायचा. गोळी चालू असताना आकडा पुन्हा चढू लागला, तर तो चारच्या आत असला तरी डॉक्टरांना दाखवा. मुलाकडे पुण्याला किंवा मुंबईला जाऊन नवे डॉक्टर गाठलेत, तर या गोळ्यांची नावं आधी सांगा.

बायोप्सीत सुईने ग्रंथीचे दहा-बारा बारीक धागे काढतात. पुढच्या बाजूची गाठ त्यातून निसटू शकते. आकडा चढत राहिला तर एमआरआयबद्दल विचारा. 2017-18 मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचण्यांनंतर बायोप्सीच्या आधी एमआरआय करण्याची पद्धत बरीच रुळली आहे. ‘सुई लागली की कॅन्सर पसरतो’ या भीतीपोटी बायोप्सी टाळू नका. तिचा खरा धोका जंतुसंसर्गाचा असतो. त्यासाठी औषधं देतात. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर तेवढं आधी सांगायचं.

लघवीत जंतुसंसर्ग झाला असेल तर सहा ते आठ आठवडे थांबून मगच पीएसए करा. रक्त देण्याआधी दोन दिवस संबंध आणि सायकल टाळा. शक्यतो लॅब तीच ठेवा. आकडा उतरावा म्हणून मेडिकलमधून स्वतःच्या मनाने अँटिबायोटिक मात्र आणू नका.

लघवीतून रक्त गेलं, लघवी अडली, थंडी वाजून ताप आला, कंबरेचं हाड सतत दुखू लागलं, तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका. वडिलांना किंवा भावाला हा कॅन्सर झाला असेल तर तेही लपवू नका.

मुलींनो, सुनांनो, हा विषय काढायला बाबा लाजतील, म्हणून तुम्हीच विचारा. एका कागदावर आजवरची प्रत्येक तारीख, आकडा, लॅबचं नाव, त्या वेळच्या गोळ्या आणि ग्रंथीचा आकार लिहा. शेवटची तारीख वर्षापूर्वीची असेल, तर उद्याच युरॉलॉजिस्टची वेळ घ्या आणि तो कागद त्यांच्यासमोर ठेवा.